उंदीर, उंदराला आणि इंग्रजीतला 'श्वा'

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. अलीकडे एका प्रशिक्षणात इंग्रजीतल्या 'श्वा' या स्वराची ओळख झाली आणि इतकी वर्षे ही गोष्ट आपल्याला कोणी कशी सांगितली नाही, असे वाटून गेले. हा स्वर मुलांना शिकवावा आणि एखादा दिवस 'श्वा दिन' म्हणून वर्गात साजराही करावा, अशी माझी इच्छा आहे. टोप्या, घोषवाक्ये, तक्ते असा बेत डोक्यात आहे. सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की मुलांचे स्पेलिंग आधीच कच्चे असताना त्यांना गिळलेले उच्चार शिकवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. त्यातच पहिल्या तासाला मी तो स्वर उच्चारून दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, हा तर आपला अ आहे!" सगळा वर्ग हसला आणि मला काही उत्तर सुचले नाही. हा विषय शिकवावा का, आणि शिकवायचा तर कसा? — एक शिक्षिका

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे आहे. तुम्ही त्याला रागावला नसाल अशी आशा आहे, कारण त्याचे म्हणणे बव्हंशी खरे आहे. 'श्वा' उच्चारताना जीभ तोंडाच्या मध्यावर सैल पडलेली असते, ती पुढे सरकत नाही की मागे खेचली जात नाही, ओठांचा चंबू होत नाही आणि जबडा जेमतेम उघडतो. 'कमळ' म्हणताना आपला 'अ' जवळपास याच ठिकाणी उमटतो. ज्यांच्या भाषेत असा मधला स्वरच नाही, उदाहरणार्थ स्पॅनिश किंवा जपानी बोलणारे, त्यांना हा ध्वनी मुळापासून घडवावा लागतो. मराठी मुलाला तो पाळण्यातच मिळालेला असतो. म्हणून आरशासमोर तोंडाची ठेवण दाखवून, 'म्हणा अ, म्हणा अ' असे घोकून घेण्यात तुमचा एकही तास जाऊ नये. मुलांना तुम्ही जे शिकवायचे आहे ते या स्वराचे उच्चारण नव्हे, त्याची जागा आहे, आणि ही जागा आघातावाचून, म्हणजे शब्दातल्या एखाद्या अक्षरावर पडणाऱ्या जोरावाचून, सापडत नाही.

ध्वनी आपल्याकडे आहे, तर मग आपण 'प्रॉब्लेम' मध्ये ठळक 'ले', 'पोलीस' मध्ये ठळक 'पो' आणि 'सिस्टीम' मध्ये लांब 'टी' का म्हणतो? इंग्रजी बोलणारा माणूस या तिन्ही जागी 'श्वा'च उच्चारतो. त्याचा 'पोलीस' कानाला 'पलीस' असा लागतो. याचे मोठे कारण असे, की आपण इंग्रजी बहुतांशी डोळ्यांनी शिकलो. छापलेला वर्ण दिसला, की त्याला नेमून दिलेला स्वर द्यायचा ही सवय देवनागरीने आपल्याला लावली, आणि देवनागरीपुरती ती अगदी योग्यही आहे. जे शब्द मात्र कानावाटे आले असावेत असे दिसते, त्यांत आपल्या पूर्वजांनी हा स्वर अचूक टिपलेला आहे. 'डॉक्टर' आणि 'मोटर' या शब्दांत शेवटच्या अक्षरात 'ओ' हा वर्ण लिहिलेला असूनही कोणी 'डॉक्टोर' म्हणत नाही. 'सेकंद', 'कंपनी', 'बटण', 'सर्कस', 'लंडन' हे शब्द पाहा. तुमच्या पुढच्या तासाची सुरुवात याच शब्दांनी करावी, असे मी सुचवीन: फळ्यावर त्यांचे इंग्रजी स्पेलिंग लिहा, शेजारी मराठी रूप लिहा, आणि 'अ' नेमका कोणकोणत्या वर्णाच्या वाट्याला आला ते मुलांनाच शोधू द्या. ए, ई, आय, ओ आणि यू हे पाचही स्वरवर्ण वेळप्रसंगी 'श्वा' होतात, हे त्यांना चार-दोन शब्दांतच कळून येईल: 'अबाउट' मधला पहिला ए, 'टेकन' मधला शेवटचा ई, 'पेन्सिल' मधला आय, 'लेमन' मधला ओ आणि 'सर्कस' मधला यू. इंग्रजी बोलण्यात सर्वाधिक वेळा येणारा स्वर हाच आहे. व्यंजने धरून मोजले तरी ब्रिटिश उच्चारात दर १० ध्वनींमागे सुमारे एक 'श्वा' पडतो, आणि तरीही सव्वीस वर्णांत त्याला स्वतःचा एक वर्ण नाही.

आता आघाताकडे येऊ. माझ्या मते तुमचा निम्म्याहून अधिक वेळ येथेच जायला हवा. मराठीत आघात नाही असे नाही, परंतु त्याच्यावर शब्दाचा अर्थ सहसा अवलंबून नसतो, म्हणून आपल्याला त्याची जाणीव नसते. तरीही शब्दाचे वजन सरकले की स्वर कसा दुबळा होतो, याचा अनुभव मुलांच्या जिभेला रोज येत असतो. 'उंदीर' हा शब्द घ्या. त्याला प्रत्यय लावला की तो 'उंदीराला' होत नाही, 'उंदराला' होतो. मधल्या अक्षरातली ऐटबाज दीर्घ 'ई' जाऊन तेथे मुकाट्याने 'अ' येऊन बसतो. 'माणूस'चे 'माणसाला', 'बेडूक'चे 'बेडकाला', 'लाकूड'चे 'लाकडाला', 'कापूस'चे 'कापसाला' असेच होते. घाईने बोलताना आपण आणखी एक पायरी खाली उतरतो आणि 'उंद्राला' म्हणून तो 'अ'ही टाकून देतो. इंग्रजीही नेमके हेच करते: 'कॅमेरा' बोलताना 'कॅम्र' होतो, 'चॉकलेट' 'चॉक्लट' होते, 'फॅमिली' 'फॅम्ली' होते. मराठी मुलाला व्याकरणाच्या तासाला सामान्यरूपाचे नियम घोकावे लागतात आणि इंग्रजीच्या तासाला तोच व्यवहार परका वाटतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

या उदाहरणानंतर 'फोटोग्राफ' हा शब्द काढा, कारण तो या कामासाठीच जन्माला आल्यासारखा आहे. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असतो, म्हणून 'फो' भरघोस उमटतो आणि दुसरा 'ओ' आपोआप 'अ' होतो: फो-ट-ग्राफ. 'फोटोग्राफी' म्हणताना जोर दुसऱ्या अक्षरावर सरकतो, तसा पहिला 'ओ' कोसळतो, दुसरा उभा राहतो आणि 'ग्रा'ही दुबळा पडतो: फ-टॉ-ग्र-फी. 'फोटोग्राफिक' मध्ये जोर तिसऱ्या अक्षरावर जातो: फो-ट-ग्रॅ-फिक. वर्ण तेच, क्रम तोच, स्पेलिंगमध्ये काडीचाही बदल नाही, आणि तरी 'फोटोग्राफी' मध्ये पहिल्या 'ओ'चा 'श्वा' होतो आणि उरलेल्या दोन शब्दांत दुसऱ्या 'ओ'चा. फळ्यावर तिन्ही शब्द एकाखाली एक लिहा, आघात असलेल्या अक्षराखाली रंगीत खडूने जाड रेघ ओढा आणि मुलांकडून तीनही शब्द चार-पाच वेळा म्हणवून घ्या. 'श्वा' हे नाव तोपर्यंत काढूही नका. (येथे 'अक्षर' म्हणजे लिहिलेले अक्षर नव्हे, एका झटक्यात तोंडातून निघणारा तुकडा, एवढे मात्र आधी सांगावे लागेल.)

एक सावधगिरी. अक्षरे मोजण्यासाठी प्रत्येक अक्षराला टाळी वाजवण्याची पद्धत अनेक वर्गांत रूढ आहे. आघात शिकवताना ती घातक ठरते, कारण टाळी सगळ्या अक्षरांना सारखेच वजन देते, आणि सगळ्यांना सारखे वजन देणे हीच तर आपली सवय आहे. त्याऐवजी केवळ आघाताच्या अक्षरावर बोटाने बाकावर टकटक करायला सांगा. मग एक वाक्य वाढवत न्या. 'बॉइज नीड बुक्स' या तीन शब्दांच्या वाक्यात तीन टकटका आहेत. 'द बॉइज विल नीड द बुक्स' म्हटले तरी टकटका तीनच. 'द बॉइज वुड हॅव नीडेड सम बुक्स' म्हटले तरीही तीनच, आणि मधले शब्द त्या टकटकींच्या फटींत अंग चोरून बसतात. टकटकींमधले अंतर घड्याळाने मोजल्यासारखे समान असते, असे मात्र वर्गात सांगू नका. इंग्रजी आघातांच्या ठेक्यावर चालते आणि इतर काही भाषा अक्षरांच्या ठेक्यावर, ही विभागणी अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ साली मांडली. परंतु पुढे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणे मोजली गेली, तेव्हा अंतरांचा असा काटेकोर समानपणा आढळला नाही. कानाला तसा भास होतो, आणि शिकवण्यासाठी तो भास पुरेसा आहे.

या फटींत बसणारे शब्द म्हणजे 'अ', 'द', 'ऑफ', 'टू', 'फॉर', 'फ्रॉम', 'अँड', 'कॅन', 'वॉज', 'हॅव', 'दॅन' यांसारखे लहान शब्द. त्यांना दोन-दोन रूपे असतात. एक शब्दकोशात ठळकपणे दाखवलेले भारदस्त रूप, आणि दुसरे वाक्यात राबणारे घरगुती रूप. 'फ्रॉम' हा शब्द प्रश्नाच्या शेवटी आला तर 'फ्रॉम' असाच उच्चारला जातो, आणि उत्तरात गावाच्या नावाआधी आला की 'फ्रम' होतो. यांपैकी 'कॅन' या शब्दाने मला स्वतःला एकदा चांगलाच धडा शिकवला. कित्येक वर्षांपूर्वी एका परदेशी सहकाऱ्याने मला दूरध्वनीवर विचारले, की पुढच्या बैठकीला येता येईल का. मी 'आय कॅन कम' असे, 'कॅ' चांगला ठसठशीत काढून, उत्तर दिले. बैठकीच्या दिवशी गेलो, तर माझ्यासाठी खुर्ची नव्हती. मी येणार नसल्याचे मीच कळवले होते, असे त्याने मला अत्यंत सौजन्याने सांगितले. दोष त्याचा नव्हता. त्याच्या बोलीत होकारार्थी 'कॅन' हा 'कन' असा पुसट येतो आणि जोर 'कम'वर पडतो. 'कॅ' ठळक ऐकू आला की तो 'कान्ट', अमेरिकन उच्चारात 'कॅन्ट', असाच समज होतो, कारण शेवटचा 'ट' त्यांच्या बोलण्यात बहुधा ऐकूच येत नाही. होकार आणि नकार यांतला सगळा फरक त्या एका स्वरावर उभा होता, आणि मी तो स्वर स्पष्ट उच्चारून घालवला.

'गिळलेले उच्चार' या तुमच्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाला हा किस्सा निम्मे उत्तर देतो. प्रत्येक अक्षर सारखेच ठळक काढले म्हणजे बोलणे स्पष्ट होते, हे मराठीच्या बाबतीत खरे आहे. इंग्रजीत मात्र ऐकणारा आघाताची अक्षरे धरून शब्द ओळखत जातो, आणि सगळीच अक्षरे उठून दिसू लागली की त्याला कोणते धरावे हे कळेनासे होते. म्हणून 'श्वा' शिकवताना दुबळ्या अक्षराला दाबण्यापेक्षा आघाताचे अक्षर लांबवायला आणि उंचवायला शिकवा. ते नीट जमले की दुबळे अक्षर आपोआप आक्रसते. हा क्रम उलटा केला तर काय होते, तेही मी पाहिले आहे: मुलांना 'श्वा'चा नाद लागतो, ती भेटेल त्या स्वराचा 'अ' करू लागतात, आणि मग त्यांचे बोलणे खरोखरच गिळलेले वाटू लागते. आघात नसलेला प्रत्येक स्वर 'श्वा' असतो असेही नाही. 'सिटी'चा शेवटचा स्वर ऱ्हस्व 'इ'कडेच झुकतो, आणि 'विंडो'चा 'ओ' आघात नसतानाही शाबूत राहतो.

त्यांच्या आक्षेपाला शास्त्रीय आधारही आहे, आणि तो त्यांना ठाऊक नसला तरी तुम्हाला ठाऊक असावा. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली असे प्रतिपादन केले, की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असे दोघे जेव्हा परस्परांशी इंग्रजीत बोलतात, तेव्हा समजण्यासाठी या दुबळ्या रूपांची गरज नसते. वाक्यातला मुख्य आघात आणि स्वरांची लांबी मात्र सांभाळावी लागते. मला हे पटते. जगातल्या कितीतरी ठिकाणची इंग्रजी स्वर पूर्ण उच्चारूनच बोलली जाते आणि ती अशुद्ध ठरत नाही. म्हणून 'पोलीस' म्हणणाऱ्या मुलाला 'चूक' म्हणून खाली बसवू नका आणि या स्वरावर तोंडी परीक्षेचे गुण ठेवू नका. परंतु बोलण्यासाठी जे ऐच्छिक आहे ते ऐकण्यासाठी ऐच्छिक राहत नाही. समोरचा माणूस कोणत्या पद्धतीने बोलेल, हे आपल्या हातात नसते. 'वुड हॅव'चे 'वुडव' झालेले ओळखता आले नाही तर बातम्या, व्याख्याने, चित्रपट हे सारे मुलांना 'फार भरभर' वाटत राहते, आणि खरे पाहता वेग हे त्याचे कारण नसतेच. म्हणून 'श्वा' आधी कानाला शिकवा. जिभेचे काय व्हायचे ते सावकाश होईल.

स्पेलिंगची काळजी मात्र पूर्णपणे रास्त आहे. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे तेही 'सेपरेट' मधल्या ए'च्या जागी ई लिहितात, 'ग्रामर' आणि 'कॅलेंडर'च्या शेवटी ए'ऐवजी ई लिहितात, आणि 'वुड हॅव' मधला दुबळा 'हॅव' व दुबळा 'ऑफ' सारखेच ऐकू येत असल्यामुळे चक्क 'वुड ऑफ' असे लिहून बसतात. या सगळ्या चुकांच्या मुळाशी 'श्वा' आहे, आणि तुम्ही शिकवला नाही म्हणून तो तेथून हलणार नाही. शिकवला तर निदान मुलांना धोक्याची जागा ठाऊक होते, आणि त्यावर एक उपायही हाती लागतो, तो असा, की संशय आल्यास शब्दाचा नातेवाईक शोधावा. इंग्रजी आपल्या 'उंदरा'सारखी लेखनात बदल करत नाही. तिने जुने वर्ण जपून ठेवलेले असतात, आणि आघात सरकलेल्या दुसऱ्या शब्दात ते मोठ्याने ऐकू येतात. 'ऑथर'च्या शेवटी काय लिहावे हे कळत नसेल, तर 'ऑथॉरिटी' म्हणून पाहा. दडलेला ओ लगेच बोलतो. 'ग्रामर' मधला दुसरा ए 'ग्रमॅटिकल' मध्ये सापडतो, 'सिंबल' मधला ओ 'सिंबॉलिक' मध्ये, 'मेटल' मधला ए 'मेटॅलिक' मध्ये, 'ॲटम' मधला ओ 'अटॉमिक' मध्ये, 'कॉम्पिटिशन' मधला ई 'कम्पीट' मध्ये, आणि 'सिमिलर' मधला ए 'सिमिलॅरिटी' मध्ये. प्रत्येक शब्दाला असा उपयोगी नातेवाईक असतोच असे नाही, आणि तेथे पाठांतराला पर्याय नाही. तरी सहकाऱ्यांना या जोड्यांचा एक तक्ता दाखवा. मला वाटते त्यांचा विरोध पुष्कळ निवळेल.

आता शब्दाच्या शेवटी येणाऱ्या 'श्वा'विषयी, कारण मराठी मुलांची खरी अडचण येथे आहे. 'सोफा', 'कॅमेरा', 'बनाना', 'डेटा' या शब्दांचा अखेरचा स्वर इंग्रजीत 'श्वा' आहे, आणि आपण सर्वत्र 'आ' करतो. यात आपला नाइलाज आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' सहसा उच्चारलाच जात नाही. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. त्यामुळे 'बनान' असे लिहून दाखवले तर मुले 'बनान्' वाचतील, आणि 'बनाना' लिहिले तर 'आ' लांबवतील. यावर मला सापडलेली युक्ती अशी: 'घरं', 'फुलं', 'केलं', 'गेलं' हे शब्द मुलांकडून म्हणवून घ्या. त्यांवरचा शीर्षबिंदू बोलताना नाकातून येत नाही, तो फक्त शेवटचा 'अ' जिवंत असल्याचे सांगतो. त्याच चालीवर 'सोफं', 'कॅमरं', 'बनानं' म्हणा, मात्र शेवट 'केलं'इतका लांबवू नका. वर्ग हसेल, कारण ही नपुंसकलिंगी रूपे वाटतात, परंतु उच्चार इंग्रजीच्या पुष्कळ जवळ जाईल. ओघात हेही त्यांच्या लक्षात आणून देता येईल, की मी येथे 'केले' असे लिहितो आहे आणि हे उत्तर कोणी सहज वाचून दाखवले तर तो 'केलं' म्हणेल. म्हणजे लिहिलेल्या 'ए'चा बोलताना 'अ' करण्याची कला आपल्याला कोणी परक्याने शिकवलेली नाही.

नावाविषयी थोडे. 'श्वा' हा शब्द हिब्रू लेखनातून आला. तेथे वर्णाखाली एकाखाली एक अशी दोन टिंबे देतात, आणि त्या खुणेचा अर्थ कधी 'येथे अत्यंत आखूड स्वर आहे' असा, तर कधी 'येथे स्वरच नाही' असा होतो. आपल्या मोकळ्या 'र'चेही तेच आहे. 'रथ' मध्ये त्यात 'अ' असतो, 'घर' मध्ये नसतो, आणि लिपी काहीच सांगत नाही. शब्दकोशात 'श्वा'साठी छापतात ती खूण म्हणजे अर्ध्या वर्तुळात फिरवून उलटा केलेला लहान ई. तुमच्या शाळेत संस्कृत असेल तर मात्र एका गोष्टीची तयारी ठेवा: संस्कृतात 'श्वा' म्हणजे कुत्रा, आणि 'श्वा दिना'च्या फलकाखाली कोणीतरी शेपटी काढल्याशिवाय राहणार नाही. काढू द्या.

साजरे करण्याविषयी माझे मत विचारले आहे म्हणून सांगतो. टोप्यांना माझा विरोध नाही, परंतु टोपी करण्यात दोन तास गेले आणि एकाही मुलाने एकही 'श्वा' कानाने पकडला नाही, तर तो हस्तकलेचा तास झाला. इंग्रजी शिक्षकांत एक विनोद फिरत असतो, की मला पुढच्या जन्मी 'श्वा' व्हायचे आहे, कारण त्याला कधीच स्ट्रेस नसतो. 'स्ट्रेस' हा शब्द आपण मराठीतही ताण आणि आघात अशा दोन्ही अर्थांनी वापरतो, त्यामुळे हा विनोद भाषांतर न करता चालतो, आणि आघात व 'श्वा' यांचे नाते त्यात नेमके सापडते. घोषवाक्यासाठी तो पुरेसा आहे. त्यापलीकडे, एखाद्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण लावा, त्याची छापील प्रत प्रत्येकाला द्या, आणि ऐकता ऐकता जेथे 'श्वा' ऐकू येईल त्या वर्णावर पेन्सिलीने काट मारायला सांगा. शेवटी पानावर जे वर्ण उरतील, त्यांतून आघात उघडे पडतात. दुसरा खेळ गुणगुणण्याचा: एका मुलाने ओठ मिटून केवळ आघातांनी एक शब्द गुणगुणायचा आणि बाकीच्यांनी फळ्यावरच्या दहा शब्दांतून तो ओळखायचा. हे दोन खेळ चाळीस मिनिटांत आटोपतात, आणि त्यांना खर्च नाही.

त्या दिवशी मुलांना आणखी एक गोष्ट अवश्य सांगा. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि त्यांतले अगदी शेवटचे सूत्र आहे 'अ अ'. ऱ्हस्व 'अ' आणि दीर्घ 'आ' यांना एका जातीचे मानता यावे, म्हणून संपूर्ण ग्रंथात 'अ' हा 'आ'सारखाच तोंड उघडून उच्चारला जातो, असे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्ष बोलण्यात तो तसा नसतो, तोंड बरेच मिटलेले असते, हे पाणिनीला ठाऊक होते. म्हणून सगळे नियम सांगून झाल्यावर त्याने त्या उघड्या 'अ'च्या जागी पुन्हा खरा, मिटलेला 'अ' ठेवला आणि ग्रंथ संपवला. 'अ' म्हणजे आखूड 'आ' नव्हे, ही बाब इतक्या जुन्या काळी कोणाच्या तरी कानाने टिपली होती, हे ऐकून मुले चकित होतात, असा माझा अनुभव आहे. आणि बाराखडी उघडून पाहिली तर आपल्या लिपीनेही या स्वराला एकही मात्रा दिलेली नाही. 'का'ला काना आहे, 'कि'ला वेलांटी आहे, 'क' मात्र तसाच उभा आहे.

राहता राहिला तो मागच्या बाकावरचा मुलगा. पुढच्या तासाला त्याला फळ्यापाशी बोलवा आणि 'लंडन' हा शब्द लिहायला सांगा. त्यात दोन 'अ' आहेत, दोन्ही आपलेच आहेत, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही जागी ओ आहे. मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकन शब्दकोश दोन्ही स्वर एकाच उलट्या ई'ने दाखवतो, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याच्या बाजूने बोलतो. ब्रिटिश शब्दकोश पहिल्याला वेगळी खूण देतात आणि फक्त दुसऱ्याला 'श्वा' म्हणतात. त्याला शब्द मोठ्याने म्हणू द्या, आघाताच्या अक्षरावर बोट टेकवू द्या, आणि मग वर्गाला विचारा, की या दोहोंपैकी 'आपला अ' कोणता आणि 'श्वा' कोणता.